घरी केलेले

पदार्थाची स्तुती करण्याची रीतसुद्धा काळाबरोबर बदलते. आमच्या लहानपणी एखादा जिन्नस दुकानातून आणला आणि तो बरा निघाला, तर आई म्हणायची, "अगदी घरच्यासारखा आहे हो!" आज घरी केलेला पदार्थ चांगला उतरला, तर पाहुणे म्हणतात, "अगदी विकतच्यासारखा झालाय!" दोन्ही वेळी बोलणाऱ्याला स्तुतीच करावयाची असते. मधल्या साठ वर्षांत मानाचा पाट तेवढा घरातून उठून दुकानात जाऊन बसला.

माझ्या चौदा वर्षांच्या नातीला हा बदल मान्य नाही. गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, तिने जाहीर केले की यंदाच्या फराळात ती स्वतः चॉकलेटची बिस्किटे करणार. त्यात अक्रोड घालणार आणि संत्र्याची साल किसून घालणार. सूनबाई चकलीच्या भाजणीत गुंतल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आधी करंज्या होऊ देत, मग काय गोंधळ घालायचाय तो घाल." मी मात्र नातीची बाजू घेतली. चॉकलेटवर माझे फार प्रेम आहे असे नाही. पण आयुष्यभर मास्तरकी केलेल्या बाईला कोणी काही शिकू पाहत असले की राहवत नाही.

बिस्किटांची कृती तशी सोपी आहे. लोणी आणि साखर हलकी होईपर्यंत फेसायची, त्यात मैदा आणि चिमूटभर खाण्याचा सोडा मिसळायचा. आमच्याकडे फराळाला अंडे चालत नाही, म्हणून चार चमचे दूध. मग चॉकलेटचे सुरीने केलेले तुकडे, अक्रोडाची भरड, आणि शेवटी संत्र्याची साल. इथे माझ्या ज्ञानाला वाव मिळाला. साल किसायची ती फक्त वरची नारिंगी. सुगंधी तेलाच्या बारीक पिशव्या त्याच थरात असतात. खालचा पांढरा थर किसणीवर आला की सारे कडू होते. दिवाळीच्या सुमारास नागपूरकडची आंबिया बहाराची संत्री येऊ लागतात. त्यांची साल अजून हिरवट असते, पण वास असा की किसणी फिरताच शेजारच्या खोलीतला माणूस उठून यावा.

बिस्किटे भट्टीत गेली. एकशे ऐंशी अंशांवर बारा मिनिटे. बाहेर काढली तेव्हा ती इतकी मऊ होती की नातीचा चेहराच उतरला. "आजी, कच्ची राहिली गं!" मी म्हटले, "थांब जरा. नानकटाईसुद्धा गरम असताना अशीच असते. निवली की अंग धरते." तसेच झाले. कडेने खुसखुशीत, मध्ये जरा ओलसर, दाताखाली अक्रोड आणि सगळ्यांच्या मागून हळूच येणारे संत्रे. खरोखर, विकतच्यासारखी झाली होती!

शेजारीपाजारी द्यायला तिने आठ डबे भरले. प्रत्येकावर चिकटवायला चिठ्ठ्या लिहिल्या आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणून दिल्या. अक्षर मोत्यासारखे होते. मजकूर एवढाच: "संपूर्णपणे घरी केलेली." ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. तरी माझे पेन 'संपूर्णपणे' या शब्दावर अडकले, आणि वाचकहो, खरे सांगायचे तर ते अजूनही पुरते सुटलेले नाही.

घरी केलेले म्हणजे नेमके काय? आमच्या लहानपणी दिवाळीची नानकटाई 'घरची'च असे. पण आमच्या घरी भट्टी कुठली? तूप, पिठीसाखर, मैदा आणि वेलदोडा आई घरून देई; पत्र्याचा डबा घेऊन आम्ही भावंडे बेकरीत जायचो. तिथे रांग असे. बेकरीतला माणूस आमच्या डोळ्यांदेखत पीठ मळून, गोळे करून ट्रे भट्टीत सारी. संध्याकाळी गरम डबा घेऊन आम्ही परतलो, की आई पाहुण्यांना सांगे, "घरचीच आहे." त्या माणसाचे हात आमच्या घरचे नव्हते, आगही नव्हती. घरचे होते ते तूप, आणि त्या तुपाच्या जोरावर सगळी नानकटाई घरची ठरत असे. मला वाटते, 'घरचे' हा शब्द आपण नेहमी असाच वापरतो. ज्याचा अभिमान वाटतो तेवढे हात मोजतो, बाकीचे सोडून देतो.

नातीने ज्या बिस्किटाची कृती मोबाइलवर शोधली, त्याची कथाही अशीच आहे. ते जन्मले अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील व्हिटमन या गावी. तिथे रूथ वेकफिल्ड नावाची बाई आपल्या नवऱ्यासह 'टोल हाउस' नावाचे उपाहारगृह चालवीत असे. चॉकलेटचे तुकडे आणि कवचफळे घातलेल्या तिच्या बिस्किटांची कृती 1938 साली तिच्या पाकपुस्तकात छापली गेली. पण लोकांच्या तोंडी गोष्ट आहे ती निराळीच. म्हणे, चॉकलेटचे तुकडे पिठात वितळतील या समजुतीने तिने टाकले, ते वितळलेच नाहीत, आणि अपघाताने नवा पदार्थ झाला! ही बाई गृहशास्त्र शिकलेली, आहारतज्ज्ञ म्हणून काम केलेली. चॉकलेट किती उष्णतेने कसे वागते हे तिला ठाऊक नव्हते, यावर विश्वास कसा ठेवावा? पण माणसांना अपघात आवडतो. अपघात म्हटले की कोणाचे श्रम मोजावे लागत नाहीत.

ही गोष्ट सांगितल्यावर नात उत्साहाने म्हणाली, "मग आपण सगळेच हात मोजू या की!" माझ्या जुन्या नकाशांच्या पुस्तकातून जगाचा नकाशा निघाला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर भूगोलाचा तास सुरू झाला. संत्रे विदर्भातले. अक्रोड काश्मीरचे. तिथे सप्टेंबरात माणसे उंच झाडांवर चढून लांब काठ्यांनी फळे झोडतात. हिरव्या सालीच्या रसाने त्यांचे हात काळे पडतात, आणि त्या दिवसांत कोणी झाडावरून पडून दगावल्याच्या बातम्या येतात. हे ऐकून तिने हातातला अक्रोडाचा तुकडा जरा जपून तोंडात टाकला.

मग चॉकलेट. कोकोचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. आपल्याकडे केरळ, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू इथे नारळी-पोफळीच्या सावलीत ते लावतात. पण जगातल्या कोकोचा मोठा वाटा, जवळजवळ निम्मा किंवा त्याहूनही अधिक, पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. फळे कोयत्याने तोडतात, फोडतात. आतल्या बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवतात आणि उन्हात वाळवतात. हे काम करणाऱ्यांत मुले असतात. 2001 साली अमेरिकेतल्या चॉकलेट-उत्पादकांनी बालमजुरीचे अत्यंत वाईट प्रकार 2005 पर्यंत बंद करण्याच्या करारावर सह्या केल्या. ती मुदत टळली, मग पुढचीही टळली. 2020 साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा अहवाल निघाला; त्यात या दोन देशांच्या कोको पिकवणाऱ्या भागांत बालमजुरी करणाऱ्या मुलांचा अंदाज सुमारे 15 लाख 60 हजार असा दिला होता.

नात गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याएवढी मुलं?"

"तुझ्याहून लहानसुद्धा."

"मग आपण चॉकलेट खायचंच नाही."

सूनबाई कढईपाशून म्हणाल्या, "आई, सणासुदीला लेकरासमोर हे कशाला काढलंत?" त्यांचेही चुकले नव्हते. सण हा आनंदासाठी असतो, आणि समोरच्याच्या तोंडचा घास कडू करणे हा काही धर्म नव्हे. पण प्रश्न विचारला गेला होता, आणि उत्तर देण्यावाचून सुटका नव्हती.

नातीचे उत्तर तसे जुने आहे आणि सन्मान्यही आहे. 1791 साली इंग्लंडात विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थाने एक पुस्तिका काढली: वेस्ट इंडीज बेटांतली साखर गुलामांच्या रक्ताने माखलेली आहे, ती खाऊ नका. त्यानंतर अनेक इंग्रज कुटुंबांनी चहातली ती साखर सोडली. ज्या बायकांना मताचा अधिकार नव्हता, त्यांनी साखरदाणीतून आपले मत दिले. पुढे तिकडे काही साखरदाण्यांवर अक्षरेच लिहिलेली असत: ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही. आमच्याकडेही स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखर वर्ज्य करणारी घरे होती. माझ्या आजीच्या माहेरी ती बंद झाली होती, आणि गुळाच्या करंज्यांची तारीफ आजी शेवटपर्यंत करीत असे.

सोडून देण्यात बळ आहे, हे मी कबूल करते. पण त्यात एक सोयही आहे. सोडले की हिशेब संपला असे वाटते. कोकोच्या शेतात राबणारी बहुतेक मुले आपल्याच घरच्या शेतात राबतात. बाप दुष्ट असतो म्हणून नव्हे, तर कोकोला मिळणाऱ्या भावात मोठा मजूर परवडत नाही म्हणून. मी बिस्किट खाल्ले नाही तर माझे तोंड स्वच्छ राहील. त्या मुलाच्या हातातला कोयता काही गळून पडणार नाही. आणि दुसरे असे की चॉकलेट बाजूला काढले, तरी त्या परातीत एक जिन्नस उरतोच. इंग्रज बायकांनी ज्या हिंदुस्थानच्या साखरेला निर्मळ मानले, ती साखर आज आपल्या डब्यात आहे. ती कुठून येते, हे मला नकाशा न उघडता ठाऊक होते.

माझी नोकरी बीड जिल्ह्यातल्या एका गावी झाली. मी भूगोल शिकवीत असे. 1950 साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, शेतकऱ्यांनी आपल्या भागभांडवलावर तो उभारला, हे मी दर वर्षी मोठ्या अभिमानाने शिकवले, आणि तो अभिमान खोटा नव्हता. पण दसरा उलटला की गावात मुकादमांची लगबग सुरू होई. नवराबायको मिळून उचल घेत. त्या दोघांची मोजदाद मिळून एकच होई, आणि तिला नाव होते 'कोयता'. कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, तेव्हा आम्ही पणत्या लावीत असू त्याच सुमारास घरेच्या घरे कुलपे लावून उसाच्या मुलखाकडे निघत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की माझ्या वर्गातली बाके रिकामी दिसत.

एका वर्षी सहावीच्या वर्गात मी कोको शिकवीत होते. एक मुलगी, कायम तिसऱ्या बाकावर बसणारी, हात वर करून म्हणाली, "बाई, मग तिकडची लेकरं रोज चाकलेट खात असतील की!" वर्ग हसला. मीही हसून म्हणाले, "खात असतील हो!" आणि फळ्याकडे वळले.

दिवाळीनंतर ती आली नाही. आईबापांबरोबर गेली होती; तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायला आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिचे हात लागत होते. मी हजेरीत तिच्या नावापुढे 'गै' लिहीत गेले. गैरहजर. काही आठवड्यांनी तपासणी होती, आणि पट नीटनेटका दिसायला हवा होता. मला सांगण्यात आले, आणि मी लाल शाईने तिचे नाव पटावरून कमी केले. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी वापरली, हेही आठवते. एप्रिलात तिचे घर उघडले, पण ती शाळेत आली नाही. मी बोलवायला गेले नाही.

ऊस तोडणारे ते लेकरू रोज साखर खात होते का? मी त्या दिवशी तिला उलट एवढेच विचारले असते, तर तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिला आणि मला दोघींनाही मिळाले असते.

पुढे कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, आईबाप गेल्यावर मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आली. काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण 2019 साली याच जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला समिती नेमावी लागली. कामाचा एक खाडा पडला तर पैसे कापले जातात, अशा ठिकाणी बाईला आपले शरीरही अडचणीचे वाटू लागते. ती बातमी मी वाचली त्या दिवशीही चहात साखर होती.

नातीला मी हे सगळे सांगितले नाही. पटाची गोष्ट तेवढी सांगितली. तिने विचारले, "मग चूक तुझी होती?"

हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवला. मला वाटते, आपण दोष आणि ऋण यांची गल्लत करतो. दोष विचारतो, हे कोणी केले? ऋण विचारते, हे कोणाकडून आले? कोकोच्या मुलांचा दोष माझ्याकडे येत नाही. मी त्यांना राबवले नाही. म्हणून मी निर्धास्त होते आणि ऋणही विसरते. वास्तविक दोष नसतानाही ऋण असते. सावकार काही विसरत नाही. विसरतो तो ऋणको, आणि विसरणे त्याच्या सोयीचे असते. पटावरची रेघ हा माझा दोष होता, तो मी मान्य करते. पण ती रेघ ओढली नसती, तरी साखरेचे ऋण होतेच.

आपल्याकडे जेवण झाल्यावर 'अन्नदाता सुखी भव' म्हणण्याची रीत आहे. माझे वडील पंक्तीत यजमानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, आणि यजमान प्रसन्न होई. त्या आशीर्वादाचा पत्ता आपण नेहमी यजमानाच्या दारापर्यंतच लिहितो. अन्नदाता कोण, हे ठाऊक असल्याशिवाय तो सुखी आहे की नाही हे कसे कळणार? आणि तो सुखी नाही असे कळल्यावर नुसते 'भव' म्हणून कसे भागणार? ज्याची जी आणि जेवढी पोच असेल तेवढे त्याने करावे. कोणी चॉकलेट घेताना कोको कुठला याची चौकशी करील, कोणी मतदार म्हणून विचारणा करील, कोणी एका मुलीला शाळेत ठेवील. सगळे ऋण फिटणार नाही. पण ते वहीत लिहिलेले तरी असावे; पुसून टाकलेले नसावे.

आम्ही बिस्किटे टाकून दिली नाहीत. ज्या हातांनी ती आमच्यापर्यंत पोचवली, त्यांचा तो आणखी एक अपमान झाला असता. नातीने आठही चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. आता त्यांवर होते: "घरी भाजलेली." एवढेच खरे होते, आणि एवढे सांगायला काही हरकत नव्हती. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी डबा परत करताना हसून विचारले, "भाजलेली म्हणजे? केली कोणी मग?" नात म्हणाली, "यादी मोठी आहे काकू. बसा, सांगते." काकू बसल्या. फराळाचे पुष्कळ असल्याने कोणाला घाई नव्हती.

भाऊबीज झाल्यावर मी माझ्या जुन्या गावी एका सहकाऱ्यांना पत्र लिहिले आणि विचारले, यंदा हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले का, आणि काही कमी पडते आहे का. बारा दिवसांनी उत्तर आले. वसतिगृह सुरू झाले होते. पांघरुणे कमी होती. ती आम्ही पाठवली. काही मुले मागे राहिली होती, काही गेली होती. किती गेली, हे त्यांनी लिहिले नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते.

यंदा नातीने अक्रोडांची आठवण आधीच करून दिली आहे. बिस्किटे होतील. आणि पत्रात या खेपेला गेलेल्या मुलांची नावे मागवणार आहे.